खय

भुसावळ सोडून दीपनगरकडे जाताना,
कण्हेरीसुद्धा जिथं करडी फुलते तिथं,
एक पत्र्याची शेड आहे. पाटी नाही.
मी तिथं वजनं लिहितो.

येतो तो माल खरं तर कोळसा नसतोच.
वाघिणींच्या तळाशी उरलेली,
फावड्याच्या कडेवरून गळलेली,
ढिगाखाली काळी ओल धरून बसलेली भुकटी.
तशीच पेटवली तर धुमसते, घुसमटते, विझते.
सुपडूअण्णा म्हणतात, तिच्यात हवेला जागा नाही.
अण्णा फिटर आहेत. कुठल्याही गोष्टीत
आधी हवा कुठून जाते ते बघतात.

हुरमतबाई तडवी चाळण धरते.
खडे एकीकडे, कधी एखादा रुळाचा खिळा,
एकदा चांदीचं जोडवं निघालं,
ते तिनं आठवडाभर खिडकीत ठेवलं,
कुणी आलं नाही.
मग भुकटीची मूठ आवळते, उघडते.
मूठ फुटली तर पाणी कमी,
तळवा चमकला तर जास्त.
ओल मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे. डब्यात आहे.

आणि खळ.
जामनेरच्या अडत्याकडचा किडका मका
दळून, पिंपात शिजवून,
कडुनिंबाच्या दांड्यानं ढवळायची,
बुडबुडे जड होऊन फुटेपर्यंत.
शंभर घमेल्यांना सात.
आठ झाली तर धूर, सहा झाली तर चुरा.
हुरमतबाई तिला खय म्हणते, कोळशाला कोयसा.
इकडच्या बोलीत ळ टिकत नाही,
तोंडातच विरघळतो.
मला वाटायचं, अशुद्ध आहे.
आता रजिस्टरात लिहिताना
माझाच हात ळ पाशी अडखळतो.

मग दोन लोखंडी रूळ,
अंगावर आप्प्यांच्या भांड्यासारखे खळगे,
समोरासमोर फिरतात
आणि खाली पडतात काळ्या इवल्याशा उशा.
उन्हात तीन दिवस. मे महिन्यात दीडच.
कमरेइतक्या उंचीवरून टाकून बघायची,
न फुटली तर पोत्यात.

त्या दुपारी वीज गेली.
समोर चिमण्या दिसत होत्या, धूर सोडत,
आख्ख्या मुलुखाला दिवे देणाऱ्या,
आणि आमचे रूळ अर्ध्या घासावर थांबलेले.
पिंपात खळ घट्ट होत चाललेली.
अण्णांनी फ्यूज काढून, फुंकून, परत लावला.
हुरमतबाईनं पदर खोचला.
‘खय कोनासाठी थांबत नही. व्हय बाजूले.
हात काय लाइनीसंगं गेले का?’

अंधार पडेपर्यंत ती वळत होती.
दोन्ही तळवे, एक दाब, अर्धा फेर,
शेवटी चार बोटं उमटलेली.
रजिस्टरात त्यांना रकाना नव्हता.
समासात लिहिलं : हाताचे, तीनशे बारा.

आठव्या दिवशी फैजपूरहून
इंदूबाई नेहेतेंनी निम्मे परत पाठवले.
लग्नाची ऑर्डर होती, चाळीस किलो रव्याचे मांडे.
चिठ्ठी होती : आच सारखी लागत नाही,
मांडा एका कडेनं कच्चा राहतो,
मशीनचे द्यावे.
खरं होतं ते.
काही जाड, काही पोटात ओले.

हुरमतबाईनं चिठ्ठी वाचून घेतली माझ्याकडून,
दोनदा.
मग मोगरी घेतली.
एकेक गोळा दगडावर ठेवून फोडत गेली.
आधी बोटं जायची, मग गोळा.
मी विचारलं, वाईट नाही वाटत?
‘भुकटी व्हती, भुकटी झाली.
तू पानी तापव.’

पुन्हा घमेल्यात भरली, पुन्हा काट्यावर ठेवली.
परत आली होती त्याहून
सव्वा किलो जास्त भरली.
ओल असेल, सुपडूअण्णा म्हणाले.
मी तसंच लिहिलं.